माळ्यावर संसार थाटण्याआधी

कोकणात, घाटमाथ्यावर, गोव्यात आणि पुण्या-नाशिकच्या जुन्या पेठांत आजही कितीतरी दुपाखी कौलारू घरं उभी आहेत. त्यांतल्या बऱ्याच घरांत कौलांखाली एक प्रशस्त माळा रिकामा पडलेला असतो. एके काळी तिथं भाताची पोती असायची, नारळ-सुपारी असायची, पावसाळ्याचं सरपण आणि लग्नकार्यातली मोठी भांडी असायची. आता पोती गेली आणि भांडी भाड्यानं मिळतात. खालचं घर मात्र अपुरं पडू लागलं आहे. मुलाचं लग्न होतं, नातवंडं येतात, शहरातलं काम घेऊन घरी परतलेल्या मुलीला दार लावून बसता येईल अशी खोली हवी असते. मग घरात दोनच गोष्टी बोलल्या जातात. एक तर घर पाडून स्लॅबचं बांधू, नाहीतर तालुक्याला फ्लॅट घेऊ.

माळा हा तिसरा मार्ग आहे आणि त्याचा गंभीरपणे विचार करा, एवढं सांगण्यासाठी हे लिहितो आहे. जुनी घरं दुरुस्त करणं हे माझं काम. लाकूड निरोगी असेल, भिंती सरळ उभ्या असतील, तर घर पाडू नका. त्याच्या माळ्यावर तीन-चार माणसांचं बिऱ्हाड सुखानं राहू शकतं. अट एकच आहे: माळ्याचा आकार आहे तसा मान्य करायचा. त्यात फ्लॅट कोंबायला गेलं की पैसाही जातो आणि घरही जातं.

बहुतेक जण खालच्या मजल्याचा नकाशा घेतात, त्यावर चौकोन आखतात, इथं बेडरूम, इथं हॉल, इथं बाथरूम असं ठरवतात आणि सुताराला बोलावतात. पण माळ्याला चार उभ्या भिंती नसतात. तिथं लांबी-रुंदीआधी उंची पाहावी लागते. म्हणून पहिलं काम म्हणजे घराचा उभा छेद काढून घेणं. आढ्यापासून जोत्यापर्यंत घर रुंदीत उभं चिरलं तर कसं दिसेल, तो हा नकाशा. दोरी, टेप आणि आलेखाचा कागद असेल तर घरातली दहावीतली मुलगीही तो काढू शकते.

एक उदाहरण घेऊ. घर ३० फूट रुंद आणि ४० फूट लांब आहे. कौलांचा चढ दर फुटाला सात इंच, म्हणजे सुमारे ३० अंश. मंगलोरी कौलांना हा उतार नेहमीचा. माळ्याच्या जमिनीपासून कडेची भिंत तीन फूट वर येते आणि तिच्यावर वासे टेकतात. अशा घरात आढ्याखाली पावणेबारा फूट उंची मिळते. हा आकडा ऐकला की लगेच वर आणखी एक मजला दिसू लागतो. पण कडेपासून सहा फूट आत यावं तेव्हा कुठं डोक्यावर साडेसहा फूट मिळतात. दोन्ही बाजूंचे सहा-सहा फूट असे वजा झाले. ताठ उभं राहून वावरण्याजोगा पट्टा उरला मधल्या १८ फुटांचा. १२०० चौरस फुटांच्या माळ्यात ७२० चौरस फूट.

कडेची जागा फुकट जात नाही, पण तिची किंमत वेगळी धरावी लागते. युरोपातल्या शहरांत छपराखाली राहण्याची रीत जुनी आहे, त्यामुळे तिथं हा हिशेब नियमांतच लिहून ठेवला आहे. जर्मनीत घराचं क्षेत्रफळ काढताना दोन मीटर किंवा त्याहून उंच जागा पूर्ण धरतात, एक ते दोन मीटर उंचीची अर्धी धरतात आणि एक मीटरच्या खालची मोजतच नाहीत. फ्रान्समध्ये फ्लॅट विकताना १.८० मीटरपेक्षा कमी उंचीची जागा क्षेत्रफळात दाखवता येत नाही. जर्मन रीतीनं आपल्या उदाहरणातला माळा साधारण ९४० चौरस फूट भरतो. स्वतःच्या माळ्याचा हा आकडा आधी काढा. घर वाढवायचं की नाही, कंत्राटदाराला किती द्यायचे, भावाला त्याच्या वाट्याचं किती सांगायचं, हे सगळं याच आकड्यावर ठरवावं. जमिनीच्या मापावर ठरवलं की पुढं वाद होतात.

आपल्याकडचा नियमही माहीत असू द्या. राष्ट्रीय इमारत संहिता राहत्या खोलीची किमान उंची २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट सांगते. छप्पर उतरतं असेल तर सरासरी उंची धरली जाते. आपल्या उदाहरणात साडेसहा फुटांच्या रेषेवर आतली भिंत मानली, तर मधल्या १८ फुटांच्या पट्ट्याची सरासरी नऊ फुटांच्या किंचित वर जाते. छपराची सर्वांत खालची कड किती उंच असावी याचेही नियम असतात. मुंबई सोडून राज्याच्या बहुतेक भागांत २०२० ची एकीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तुमच्या गावाला नेमकं काय लागू होतं, ते काम सुरू करण्याआधी स्थानिक कार्यालयातून लेखी घ्या.

आता या जागेत राहायचं कसं? मधल्या पट्ट्यात उभ्यानं करायची कामं ठेवा: चालणं, कपडे बदलणं, जेवणाचं टेबल, मुलांचा अभ्यास, पाहुण्यांची ऊठबस. कडांकडे बसण्याची आणि झोपण्याची जागा जाते. जमिनीवर गादी घालून झोपणाऱ्याला चार फूट उंची पुरते, पलंगावर उठून बसणाऱ्याला पाच फूट लागते. त्याहून बुटक्या जागेत सरकते खण करा आणि गाद्या, ट्रंका, पुस्तकं, धान्याचे डबे तिथं जाऊ द्या. जड सामान भिंतीलगत राहिलं की तुळईच्या मध्यावर भार येत नाही, हाही फायदा आहे. उंच कपाटांचा नाद मात्र सोडा. शहरातून आणलेलं सात फुटी कपाट माळ्यावर फक्त मधोमध उभं राहू शकतं, आणि नेमकी तीच जागा माणसांची असते.

खोल्या कमी पाडा. माझा आग्रह असा की एका बिऱ्हाडाला माळ्यावर दार लागणाऱ्या दोन खोल्या आणि एक मोठी मोकळी जागा पुरे. त्या दोन खोल्यांच्या भिंतीही आढ्यापर्यंत नेऊ नका. सात-साडेसात फुटांवर थांबवा आणि वरचा त्रिकोण काचेनं किंवा जाळीनं भरा. आवाजाची चिंता असेल तर काच, वारा हवा असेल तर जाळी. असं केलं तर घराच्या एका टोकाच्या खिडकीतून आलेला उजेड दुसऱ्या टोकापर्यंत पोचतो. पूर्ण भिंती घातल्या की मधली खोली भर दुपारी दिव्यावर चालते.

वर आणखी एक माची करण्याचा मोह सगळ्यांना होतो, आणि जिथं उंची आहे तिथं ती जरूर करावी. पण उंची आहे का ते आकड्यांनी पाहा. माचीखाली किमान सात फूट हवेत, माचीची जाडी अर्धा फूट. आपल्या पावणेबारा फुटांच्या घरात वर उरतात सव्वाचार फूट, तेही फक्त आढ्याखाली. तिथं मुलं वाचत बसतील, एखादा पाहुणा झोपेल, याहून जास्त काही होणार नाही. ज्या वाड्यांत आढ्याखाली पंधरा-सोळा फूट मिळतात तिथंच माचीवर माणूस उभा राहू शकतो, आणि तिथंही अरुंद पट्ट्यातच. माची कधीही सगळ्या माळ्यावर पसरू नका. अर्ध्याहून कमी भाग झाका, बाकी वरपर्यंत मोकळं ठेवा, कारण तापलेली हवा त्याच मोकळ्या भागातून आढ्याकडे जाते. आणि स्वयंपाकाच्या जागेवर माची नकोच. वाफ, फोडणीचा धूर आणि उष्मा थेट झोपणाऱ्याच्या नाकाशी जातो.

पातळ्यांविषयी आणखी एक गोष्ट, आणि ती घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी आहे. तीन-चार इंचांचा एकच उंचवटा कुठंही ठेवू नका. बाथरूमच्या पाइपला उतार हवा म्हणून जमीन उचलली जाते आणि दारात असा उंचवटा राहून जातो. रात्री तो दिसत नाही आणि त्यावर अडखळून खुब्याचं हाड मोडतं. पातळी बदलायचीच असेल तर नीट दोन-तीन पायऱ्या करा, कडेला वेगळ्या रंगाची पट्टी लावा, हाताला धरायला दांडा द्या आणि तिथं दिवा ठेवा.

जिन्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. जुन्या माळ्यांचे जिने खडे आणि अरुंद असतात, कारण तिथून पोतं खांद्यावर घेतलेला गडी दिवसातून एकदा जात असे. आता तिथून रोज झोपलेलं बाळ कडेवर घेऊन उतरायचं आहे, कधी आजारी माणसाला खुर्चीत बसवून खाली आणायचं आहे. पायरी दहा इंच रुंद आणि साडेसात इंचांपेक्षा उंच नसलेली हवी. दोन मजल्यांत दहा फुटांचं अंतर असेल तर सोळा चढ होतात आणि जिन्याची लांबी साडेबारा फूट होते. रुंदी तीन फूट. म्हणजे जवळपास चाळीस चौरस फूट खाली आणि तेवढेच वर जिन्याला द्यावे लागतात. ते द्या. यात काटकसर केलेलं घर रोज त्रास देतं.

जिना वर पोचतो तिथं डोक्यावर पुरेशी उंची हवी, म्हणून तो आढ्याला समांतर, मधल्या पट्ट्यातच चढवावा लागतो. खाली तो कुठून निघावा? माझं मत ओटीवरून. माजघरातून काढला तर वरच्यांकडे येणारा प्रत्येक माणूस सासू-सासऱ्यांच्या मधून जातो आणि दोन्ही बिऱ्हाडांना अवघडल्यासारखं होतं. बाहेरून, अंगणातून काढला तर पावसाळ्याच्या रात्री आईला बरं वाटत नसताना मुलाला छत्री शोधावी लागते. ओटी ही घरातलीही आहे आणि बाहेरचीही. जिन्यासाठी ती योग्य जागा आहे.

खाली कोण झोपतं तेही पाहा. लाकडी तक्तपोशीवरून मुलं धावली की खालच्या खोलीत प्रत्येक पाऊल ऐकू येतं. आजी-आजोबांच्या खोलीवर मुलांची खेळायची जागा आली, तर महिन्याभरात घरात कुरबुर सुरू होते. त्यांच्या खोलीवर कोणाची तरी झोपायची जागा येऊ द्या. खेळ, अभ्यास, टीव्ही हे ओटीवर किंवा स्वयंपाकघरावर जावं.

आता वजनाचं. ‘आमच्या माळ्यावर शंभर पोती राहायची, चार माणसं काय जड आहेत?’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. पोती भिंतीलगत रचलेली असायची, हलत नसत, आणि तुळया तेव्हा तरुण होत्या. राहत्या खोलीच्या जमिनीनं दर चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार पेलावा, असं भारतीय मानक सांगतं. दहा बाय बारा फुटांच्या एका खोलीला हा भार सव्वादोन टन होतो. त्यात नव्या भिंतींचं आणि फरशीचं वजन धरलेलं नाही. साडेचार इंचांची विटांची भिंत माळ्यावर घातली तर ती लांबीच्या दर फुटाला दीडशे ते दोनशे किलो भार टाकते. म्हणून माळ्यावर वीट नको, काँक्रीटचा कोबा नको, ग्रॅनाइट नको. हलक्या लोखंडी किंवा लाकडी चौकटीवर सिमेंट बोर्ड, प्लाय, बांबू यांच्या भिंती करा.

जुन्या घरांत एक दडलेली बचतही असते. कडीपाटावर फळ्या आणि फळ्यांवर चार-सहा इंच मातीचा थर, अशी बऱ्याच माळ्यांची जमीन असते. चार इंच मातीचं वजनच चौरस मीटरला दीडशे ते पावणेदोनशे किलो भरतं. ती उतरवली तर घराच्या खांद्यावरून जवळजवळ तेवढा भार कमी होतो, जेवढा तुमचा संसार वर चढवणार आहे. पण ही माती आवाज आणि उष्णताही अडवत असते, म्हणून तिच्या जागी काथ्याचा किंवा रॉकवुलचा थर घालून वर प्लाय किंवा फळ्या ठोकायच्या. माती काढण्याचं काम एका बाजूनं सुरू करून दुसरीकडे संपवू नये. दोन्ही बाजूंनी सारखी उतरवत यावं, नाहीतर चौकट एकीकडे झुकते.

डोक्यावरचं वजन काय करतं ते महाराष्ट्रानं ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत पाहिलं. तिथली घरं माळवदाची होती, आपली कौलारू आहेत. पण मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांच्या डोक्यावर जड माती, ही जोडी भूकंपात टिकत नाही, हा त्या पहाटेचा धडा कोयनेच्या परिसरातल्या आणि कोकणातल्या घरांनाही लागू आहे.

लाकूड तपासताना मधल्या भागाकडे पाहून समाधान मानू नका. तुळई भिंतीत शिरते तिथं ओल राहते आणि ती तिथंच कुजते. त्या टोकांपाशी गिलावा फोडून पाहा. हातोडीनं ठोकल्यावर बद्द आवाज आला, पेचकस बोटभर आत गेला किंवा खाली पिठासारखा भुगा दिसला, तर ते टोक गेलं. साग, ऐन, किंजळ, फणस यांपैकी कोणतंही लाकूड असो, टोक कुजल्यावर त्याच्या नावाचा उपयोग नाही. टोक कापून नवं लाकूड किंवा लोखंडी पट्ट्या जोडता येतात, पण ते इंजिनिअरच्या देखरेखीखाली.

आणि कैचीची खालची आडवी तुळई कधीही कापू नका. या साऱ्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. छपराचं वजन दोन्ही पाख्यांना बाहेर ढकलत असतं आणि ती आडवी तुळई त्यांना आत धरून ठेवते. माळ्यावर राहायला गेलं की ती नेमकी कपाळाच्या उंचीवर येते, येता-जाता लागते, आणि मग कोणीतरी करवत आणतं. मी पाहिलेल्या एका घरात ती मधून कापली होती. काही पावसाळ्यांत कडेच्या भिंतींच्या माथ्यांनी जागा सोडली आणि आढं मध्ये खचलं. ती तुळई डोक्याला लागत असेल तर तिच्याभोवती घर रचा. खोल्यांच्या भिंती तिच्या रेषेत घ्या, म्हणजे ती भिंतीत लपते. ते जमत नसेल तर कैच्या बदलण्याचा पूर्ण आराखडा करून घ्या. अर्धवट उपाय इथं चालत नाही.

लाकडी माळ्याचा दुसरा शत्रू पाणी. लाकडी जमिनीवर फरशी आणि वॉटरप्रूफिंग करून बाथरूम बसवून देणारे लोक भेटतात, त्यांना नाही म्हणा. लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं आणि आकसतं, फरशीचे सांधे उघडतात, आणि पाणी वर्षानुवर्षं कोणाच्या नजरेस न पडता तुळईत मुरतं. आपल्या बहुतेक जुन्या घरांत न्हाणीघर मागच्या अंगाला, मुख्य चौकटीच्या बाहेर असतं. नवं संडास-बाथरूम बरोबर त्याच्या डोक्यावर घ्या, स्वतःच्या पायावर आणि स्वतःच्या खांबांवर उभ्या स्लॅबचं. जुन्या लाकडाला त्यानं टेकूही नये. मैल्याचा पाइप सरळ खाली उतरतो, तुंबला तर बाहेरून उघडता येतो, आणि गळती झालीच तर ती न्हाणीत गळते, देवघरावर नाही. पाण्याची टाकीही माळ्यावर नको. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. ती त्याच नव्या स्लॅबवर, तेवढा भार आराखड्यात धरून ठेवा.

उन्हाळा आणि पावसाळा यांचा विचार एकत्र करावा लागतो. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळुरात काढला, आणि ही कौलं किनाऱ्यानं वर येत आपल्या नळ्यांच्या कौलांच्या जागी बसली. ती एकमेकांत अडकतात, पण खिळलेली नसतात. त्यांच्या फटींतून हवा खेळते, म्हणून मोकळा माळा उन्हातही खालच्या घराला थंड ठेवतो. तुम्ही कौलांखाली छत ठोकून फटी बंद केल्या की तीच हवा कोंडते आणि मार्च ते मे माळ्यावर दुपार काढणं अशक्य होतं. म्हणून कौल आणि छत यांच्यामध्ये दोन इंचांची पोकळी सोडा. तिला खाली वळचणीपाशी आणि वर आढ्यापाशी जाळी लावलेली तोंडं ठेवा, म्हणजे तापलेली हवा वर निघून जाते आणि खालून नवी येते. पोकळीखाली पाणी अडवणारी पण वाफ सोडणारी शीट, त्याखाली रॉकवुल आणि मग फळ्यांचं किंवा बोर्डाचं छत. थर्माकोल वापरू नका, तो पेटतो. गोव्यात आणि दक्षिण कोकणात कौलांखाली मातीच्याच सपाट सीलिंग कौलांचा दुसरा थर घालतात. तो सुंदर दिसतो आणि उष्णताही अडवतो, फक्त त्याचं वजन इंजिनिअरच्या हिशेबात धरा.

खिडक्या शक्यतो दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत घ्या, समोरासमोर. छपरातून बाहेर काढलेली खिडकी चित्रात फार छान दिसते, पण तिच्या दोन्ही बाजूंना पाखी मिळतात तिथं पन्हळ करावी लागते, आणि कोकणातल्या तीन हजार मिलिमीटर पावसात ती पन्हळ पानांनी तुंबली की पाणी आत येतं. उजेड हवा असेल तर मधून मधून काचेची कौलं घाला. तेवढ्यानं दिवसाचे दिवे विझतात.

दरवर्षी मे महिन्यात कौलं चाळावी लागतात आणि वानरं अधूनमधून ती फोडतातच. छत केल्यावर फुटलेलं कौल खालून दिसत नाही. पाणी छतावरून दूर वाहत जातं आणि भलतीकडेच डाग उमटतो. म्हणून कडेच्या बुटक्या जागेत माणूस रांगत फिरू शकेल एवढी वाट आणि छताला काढता येणारे तुकडे ठेवा. सगळं कायमचं बंद करून देणाऱ्या कारागिराचं काम दिसायला नेटकं असतं, पण दुरुस्तीच्या वेळी ते फोडावंच लागतं.

आगीबद्दल थोडक्यात सांगतो, पण ते टाळू नका. जुनी वायरिंग पूर्ण काढा. वरच्या मजल्याला स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. वर गळला तर फळ्यांच्या फटींतून आणि जिन्यावरून खाली उतरतो आणि खालच्या देवघरात दिवा जळत असतो. जमत असेल तर मुख्य स्वयंपाक खालीच, एकत्र ठेवा. वर चहा-दुधापुरती विजेची शेगडी पुरे. वेगळी चूल हवीच असेल तर ती बाथरूमसारखीच नव्या स्लॅबवर न्या. आणि वरच्या प्रत्येक झोपायच्या खोलीला जिना सोडून बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग असू द्या: गज नसलेली, किंवा आतून गज उघडता येणारी, माणूस निघेल एवढी खिडकी आणि तिच्याखाली पडवीचं छप्पर. चोराच्या भीतीनं सगळ्या खिडक्यांना पक्के गज लावलेलं लाकडी घर मला भीतीदायक वाटतं.

कागदपत्रांचंही उरका. ग्रामपंचायतीचा नमुना ८ किंवा शहरात मिळकतपत्रिका काढा आणि त्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते वाचा. आजोबांच्या नावावरच्या घरात एका भावानं पैसे घातले आणि मग वाटणी निघाली, तर घातलेला पैसा सिद्ध करता करता आयुष्य जातं. सगळ्या वारसांची संमती लेखी घ्या. वाडा वारसा यादीत असेल तर त्या समितीची परवानगी वेगळी लागते. महापालिकेच्या हद्दीत तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचना तपासून घेणं कायद्यानंच मालकावर आहे, तेव्हा तो खर्च टाळता येईल असं समजू नका. हा इंजिनिअर कंत्राटदाराचा नसावा, तुम्ही स्वतः नेमलेला असावा.

छप्पर उघडण्याचं काम दिवाळीनंतर सुरू करा आणि मेच्या मध्यापर्यंत कौलं परत चढलेली असू द्या. त्याआधी या पावसाळ्यात एवढं करा. जोराचा पाऊस लागलेला असताना टॉर्च आणि खडू घेऊन माळ्यावर जा. पाणी कुठून येतं, कोणती तुळई ओली होते, कुठं वारा लागतो आणि कुठं अजिबात लागत नाही, तिथं तिथं खुणा करा आणि त्या तुमच्या उभ्या छेदाच्या कागदावर उतरवा. घरातल्या सगळ्यांना, म्हाताऱ्यांनाही, एकदा वर नेऊन बसवा आणि त्यांना काय वाटतं ते विचारा. इंजिनिअरच्या हाती पहिला कागद हाच द्या. आणि तोपर्यंत घर पाडण्याची सुपारी कोणालाही देऊ नका.